राजदूत ३५० घरी उभी करायची, तर कुठून सुरुवात करायची

जुनी राजदूत ३५० विकत घेणारे बहुतेक जण पहिला खर्च टाकीच्या रंगावर करतात आणि दुसरा आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर. गाडी फोटोत छान दिसते. मग पहिल्याच घाटात कळतं की ती थांबत नाही, आणि दुसऱ्या घाटात पिस्टन जाम होतो. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे: कागद, ब्रेक, चाकं, वायरिंग, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. सुधारणा करायच्याच तर त्या कारखान्याने जिथे हात आखडता घेतला तिथे करायच्या. ताकद वाढवण्याच्या भानगडीत पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

हात कुठे आखडला गेला, हे आधी पाहू. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ साली राजदूत ३५० या नावाने भारतात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेऊन परत न सोडणाऱ्या पत्त्यांची झडप) आणि सहा गिअर. तेव्हा आपल्या रस्त्यांवर असं काहीच नव्हतं. जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. इथे किंमत आवाक्यात राहावी म्हणून त्या जागी सात इंची ड्रम आला. सुरुवातीच्या गाड्या ३०.५ बीएचपीच्या होत्या, त्यांना ‘हाय टॉर्क’ म्हणजे एचटी म्हणतात. नंतर मायलेजच्या ओरडीमुळे २७ बीएचपीची ‘लो टॉर्क’ एलटी आली. विजेची व्यवस्था आधीपासूनच नाजूक होती. थोडक्यात, इंजिन उत्तम, पण थांबणं आणि वीज कमजोर. चाळीस वर्षांनंतर या गाडीवर पैसे कुठे घालायचे, ते यातच आलं.

गाडी घेण्याआधी

आरसी हातात घ्या आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. नंबरावर पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या. आकडे वाकडेतिकडे, वेगवेगळ्या खोलीचे किंवा घासून पुन्हा ठोकलेले वाटले तर गाडी कितीही सुंदर असली तरी परत फिरा. ही गाडी चोरांचीही लाडकी होती.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. त्यासाठी आरटीओत फॉर्म २५ भरतात. मुदत कधीच संपलेली असेल तर दंड आणि पर्यावरण कर किती साचलाय ते आधी विचारून घ्या, आणि भाव त्यानंतरच ठरवा. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर ना-हरकत दाखला विक्रेत्यानेच आणून द्यायचा, ‘नंतर करून देतो’ यावर जाऊ नका. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे, त्यामुळे पितळी अक्षरांची जुनी पाटी आता भिंतीवरच शोभेल. ‘व्हिंटेज म्हणून नोंदवू’ असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला हिशेब विचारा. २०२१ च्या नियमानुसार त्या वर्गात यायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आणि पहिली राजदूत ३५० सुद्धा २०३३ च्या आधी तिथे पोहोचत नाही.

गाडी बंद असेल तर किक मारून बघण्याचा मोह आवरा. जाम पिस्टनवर जोर लावला की रिंगा तुटतात आणि पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा खरवडल्या जातात. दोन्ही प्लग काढा, भोकांतून थोडं डिझेल आणि पातळ ऑइल यांचं मिश्रण सोडा आणि दोनतीन दिवस विसरून जा. मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचं चाक हाताने हळूहळू मागेपुढे हलवा.

उघडण्याची शिस्त

जागा फार लागत नाही. बंदिस्त पार्किंगचा कोपरा, एक मजबूत लाकडी टेबल आणि पावसाची झड न येणारं छप्पर पुरतं. हत्यारांत मात्र काटकसर नको. यामाहाच्या केसिंगवरचे फुलीचे स्क्रू चाळीस वर्षांत वेल्ड झाल्यासारखे बसलेले असतात. ते साध्या पेचकसने काढायला गेलात तर डोकी गोल होतील. हातोडीने मारून फिरवायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि जोडताना त्या जागी एलन बोल्ट लावा. शिवाय टॉर्क पाना, फीलर गेज, मल्टिमीटर, अल्टरनेटरचा रोटर (फिरता भाग) काढायचा पुलर आणि प्लगच्या भोकात बसणारा डायल गेज लागेल. डायल गेजचं काम पुढे येईल.

प्रत्येक भाग सुटण्याआधी फोटो काढा. वायरचे जोड, केबलचा मार्ग, वॉशरचा क्रम, सगळ्याचे. बोल्ट जिथले तिथले वेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवून कागदावर नाव लिहा. हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा बोल्ट दोन मिलिमीटर लांब असतो आणि केसिंग फोडतो. मोडकी रबरं आणि फुटके गास्केटही लगेच टाकू नका. नवीन भाग जुळतो का, हे त्यांच्याशीच ताडून बघायचं असतं.

आधी थांबायला शिकवा

राजदूतच्या पुढच्या ड्रमला नावं ठेवणाऱ्यांनी तो नीट लावलेला बहुधा पाहिलेलाच नसतो. यात दोन कॅम आणि दोन्ही शू ‘लीडिंग’, म्हणजे चाकाच्या फिरण्यानेच आणखी घट्ट धरणारे असतात. नीट लावला तर एकदोन माणसांपुरता तो पुरेसा जोरकस आहे. बिघडतो तो तीन कारणांनी.

पहिलं कारण, ड्रम गोल राहिलेला नसतो. आऱ्या ताणल्या की हब किंचित ओढला जातो. म्हणून आधी रिम आणि आऱ्या बसवून चाक सरळ करून घ्या, आणि मग पूर्ण चाकच लेथवर लावून ड्रम अगदी हलका कातून घ्या. उलट्या क्रमाने केलं तर कातकाम वाया जातं. पूर्ण चाक धरणारा मोठा लेथ शोधावा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत असे कारागीर सापडतात. दुसरं कारण, नवं लायनिंग ड्रमच्या गोलाईला टेकत नाही, फक्त मधेच लागतं. कातलेल्या ड्रमच्या मापाने लायनिंग घासून घ्यावं लागतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. हवेच्या झोताने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं: दोन कॅमना जोडणारा दांडा चुकीच्या लांबीचा असतो, त्यामुळे एक शू काम करतो आणि दुसरा नुसता सोबत असतो. दांड्याची लॉकनट ढिली करा. चाक फिरवत केबलकडची तरफ हळूच ओढा आणि पहिला शू ज्या क्षणी घासायला लागतो तिथेच धरून ठेवा. आता दांड्याची लांबी अशी बदला की दुसरा शूही त्याच क्षणी टेकेल. लॉकनट आवळा, तपासा, पुन्हा तपासा. नवी, जाड केबल टाका. एक गोष्ट लक्षात असू द्या: हा ब्रेक पुढे जाणाऱ्या चाकासाठी आहे. चढावर गाडी मागे घसरू लागली तर त्याची पकड अर्धीही राहत नाही, तिथे मागच्या ब्रेकवर पाय हवा.

मग डिस्क लावायची की नाही? घाटांत, मागे माणूस बसवून, वारंवार फिरणार असाल तर लावा, पण अर्धवट नको. फोर्क, तो धरणारे वरखालचे टी, चाक, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर सगळं एकाच गाडीचं घ्या. स्टेअरिंगचा दांडा तज्ज्ञ कारागिराकडून राजदूतच्या चेसिसला जुळवून घ्या आणि फोर्कची लांबी मूळ मापाच्या जवळ ठेवा, नाहीतर वेगात पुढचं चाक नाचतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीचा मूळ तपशील बदलण्यावर बंधनं घालतं, तेव्हा आरटीओत आधी विचारा. काढलेला मूळ ड्रम तेल लावून गुंडाळून ठेवा. पुढे गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच मागेल.

चाकं आणि सांगाडा

टायरची मूळ मापं पुढे ३.००-१८ आणि मागे ३.५०-१८. आजच्या बाजारात ९०/९०-१८ आणि १००/९०-१८ सहज मिळतात आणि बसतातही. याहून रुंद टायर फक्त दिसायला. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: आठवडा आणि साल. दुकानात पडून जुना झालेला ‘नवा’ टायर घेऊ नका.

दोन स्वस्त सुधारणा गाडीचा स्वभाव पालटून टाकतात. स्टेअरिंगमधल्या सुट्या गोळ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग, आणि मागच्या स्विंगआर्ममधल्या झिजक्या बुशांच्या जागी काशाच्या बुश. वळणावर गाडी मधूनच वाकल्यासारखी वाटते, त्याचं मूळ बहुधा याच बुशांत असतं. फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर नवी सील काही दिवसांतच फाटेल. नळ्या हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या. चेनचं माप ५३०. ओ-रिंगवाली घेणार असाल तर ती केसिंगला घासत नाही ना, हे बसवण्यापूर्वी पाहा.

वीज

या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारा भाग, बॅटरीच्या विजेवर चुंबक बनतो, कार्बन ब्रश वापरतो. म्हणजे बॅटरी पूर्ण बसली की ठिणगीही नाही आणि चार्जिंगही नाही. धक्का मारून उपयोग होत नाही. त्यामुळे ‘बॅटरी काढून चालवतो’ ही टू-स्ट्रोकवाल्यांची जुनी खोड इथे चालत नाही.

जुनं हार्नेस (वायरांचा जुडगा) टेप गुंडाळून जिवंत ठेवण्यापेक्षा त्याच रंगसंगतीत नवं बनवा. एका रविवारचं काम आहे आणि पुढची कित्येक वर्षं वाचतात. हेडलाइटला रिले द्या, फ्यूज एकाऐवजी तीनचार करा, आणि चेसिसवर जिथे अर्थिंगची वायर बसते तिथला रंग खरवडून उघड्या लोखंडाला जोडा. यांत्रिक रेग्युलेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर-रेक्टिफायर घाला. नंतर इंजिन ३००० आरपीएमवर असताना बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १४ ते १४.५ व्होल्ट दिसले की काम फत्ते. १३ च्या खाली असेल तर आधी ब्रश तपासा, मग रोटरची वायर तुटली आहे का ते.

ठिणगीसाठी वीज तोडणारे जुने यांत्रिक पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचं, यावर वाद खूप झडतात. मी इलेक्ट्रॉनिकच्या बाजूचा आहे, कारण पॉइंटची टाच झिजली की टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सरकतं आणि टू-स्ट्रोकमध्ये सरकलेलं टाइमिंग पिस्टनला भोक पाडू शकतं. पॉइंट ठेवलेच तर फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवा. मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून पिस्टन सर्वांत वर आणा, काटा शून्यावर घ्या आणि क्रँक (पिस्टन फिरवतो तो दांडा) उलटी फिरवून मॅन्युअलने सांगितलेल्या मापावर या. जपानी आरडीच्या मॅन्युअलमध्ये ते वरच्या टोकाआधी २ मिलिमीटर आहे. पॉइंटला जोडलेल्या छोट्या दिव्याची उघडझाप नेमकी तिथे व्हायला हवी. दोन्ही सिलिंडरचं टाइमिंग स्वतंत्रपणे लावावं लागतं. एकाचं लावून दुसरं ‘आपोआप बसेल’ असं धरून चालणारे मेकॅनिक कमी नाहीत.

इंजिन: कुठे थांबायचं, ते ठरवा

पहिला प्रश्न क्रँकचा. वरचा ब्लॉक आणि हेड काढून कनेक्टिंग रॉड वरखाली ओढून पाहा. जाणवेल इतकी हालचाल असेल तर मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलं. मग क्रँक दाबून वेगळी करणं, नवे रॉड घालणं आणि ती सेंटरवर फिरवून सरळ करणं आलं, वाकडेपणा तीन शतांश मिलिमीटरच्या आत यायला हवा. हे घरचं काम नव्हे. बोअर (सिलिंडर कातणं) आणि होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) हेही बाहेर द्या, पण पिस्टन सोबत न्या आणि ‘या पिस्टनच्या मापाने बोअर’ असं सांगा. फट किती ठेवायची ते पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेलं माप पाळून. पोर्टच्या कडा थोड्या बोथट करून घ्यायला विसरू नका, नाहीतर नव्या रिंगा अडकतात.

दुसरा प्रश्न सीलचा, आणि निम्म्या राजदूत त्यावरच मरतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जातं, म्हणून तिथे हवा शिरता कामा नये. डाव्या बाजूचं सील फाटलं की अल्टरनेटरच्या बाजूने कोरडी हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप वाढतं आणि पिस्टन तापून जाम होतो. उजव्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं. गाडी पांढरा धूर सोडत राहते आणि ऑइल कुठे गळत नसतानाही कमी होतं. ‘टू-टी (पेट्रोलसोबत जळणारं ऑइल) जास्त पडतंय’ म्हणून त्याचा पंप बंद करणारे लोक हाच धूर बघून फसतात.

सील चांगलं आहे की नाही हे अंदाजाने नव्हे, दाबाने तपासा. एक्झॉस्ट आणि दुसरं इनटेक रबरी बुचांनी बंद करा, प्लग बसवा आणि कार्बोरेटरच्या रबरी नळीतून एका सिलिंडरमध्ये हवा भरा. दोन्ही मॅनिफोल्डना जोडणारी नळी असेल तर तीही बंद करा. पंप म्हणून घरातलं जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र उत्तम. त्याचा ३०० चा काटा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय होतो, आणि या तपासणीला सहाच्या आसपासच दाब लागतो. सहा मिनिटं दाब टिकला पाहिजे. टिकला नाही तर ब्रशने साबणाचं पाणी ब्लॉकच्या पायथ्याला, रीडच्या डबीभोवती आणि डाव्या सीलवर लावा. बुडबुडे जागा दाखवतील. उजवं सील झाकणाआड असतं, म्हणून गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर (हवा सोडणाऱ्या नळीवर) साबणाचं पाणी लावून पाहा. बुडबुडे तिथे आले तर गुन्हेगार तेच. नवीन जोडलेल्या इंजिनावर ही तपासणी पुन्हा करा. पहिल्या किकच्या आधी.

रीडच्या पत्त्या उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश दिसला किंवा टोक तडकलेलं असलं तर बदला. फायबरच्या पत्त्या चालतात. क्वचित तुटल्या तरी स्टीलच्या तुकड्याइतका इंजिनाचा नाश करत नाहीत.

एलटीला एचटी करायची खाज आवरा. पोर्ट घासून, हेड कातून, रेसचे पाइप लावून चारदोन बीएचपी मिळतील, पण गाडी खालच्या आरपीएमवर सुस्त होईल आणि आजच्या पेट्रोलवर ठोकायला लागेल. गाडी गावठाणातल्या गल्लीतूनही जायची आहे, विसरू नका.

पेट्रोल आणि टू-टी

टाकीतला गंज सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्वाच्या गरम पाण्याने निघतो. टाकी भरून ठेवा, मग रिकामी करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने कोरडी करा. तासभर ओली राहिली तरी नारिंगी थर परत येतो. आतून लेप लावणार असाल तर इथेनॉल सोसणारा घ्या. आजचं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगा फुगवतं, त्या सगळ्या बदला. इथेनॉल हवेतली वाफ शोषतं, म्हणून कोकणात आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका.

कार्बोरेटर वाफेने वा अल्ट्रासॉनिक टबात साफ करा. जेटमध्ये तार खुपसू नका. दोन्ही कार्बोरेटरचे स्लाइड एकाच क्षणी उचलले गेले पाहिजेत. एअर क्लीनर काढून दोन्हींत बोट ठेवा आणि थ्रॉटल हळू फिरवा. फरक बोटाला कळतो. त्याच केबलच्या तिसऱ्या फाट्याला ऑटोल्यूब, म्हणजे इंजिनाला टू-टी देणारा पंप असतो, त्याची खूणही जुळवा. पंप काढून पेट्रोलात टू-टी मिसळायचा सल्ला देणारे बरेच भेटतील. पंप चांगला असेल तर ठेवा, तो थ्रॉटलप्रमाणे ऑइल देतो आणि प्लग कमी काळे होतात. पण नळीतला हवेचा बुडबुडा ब्लीड स्क्रूतून काढा, आणि पहिल्या टाकीत दर लिटरला २५ मिलिलिटर टू-टी मिसळूनही घाला. पंपातून ऑइल खरंच पोहोचतंय याची खात्री होईपर्यंत हा दुहेरी विमा हवा.

रंग

आता रंग. चेसिस सँडब्लास्ट आणि पावडर कोट करायला देताना चेसिस नंबरावर जाड टेप आणि त्यावर पत्रा लावूनच द्या. नंबर घासला गेला किंवा रंगाखाली बुजला तर पुढच्या नूतनीकरणाला निरीक्षकासमोर उभं राहून उत्तर देणं कठीण. आटे असलेल्या भोकांत बोल्ट घालून ठेवा. टाकी आणि साइड पॅनलला पीयू (पॉलियुरेथेन) रंग लावायचा तर पावसाळा टाळा, दमटपणात रंगावर पांढरट झाक येते. या रंगाच्या वाफा फुफ्फुसांना घातक, साधा कापडी मास्क पुरत नाही. मूळ क्रोमवर फक्त ठिपके असतील तर ते बारीक घासून ठेवलेलं बरं. बाजारातलं नवं क्रोम बऱ्याचदा दोन पावसांपुरतंच टिकतं.

सुटे भाग शोधायचे तर पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, दिल्लीत करोल बाग. इंजिनाच्या आतल्या वस्तू तिथून घेताना मात्र हाताशी कॅलिपर ठेवा. ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या डब्यात काय आहे ते मापच सांगतं.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या काही तापण्या-थंड होण्यानंतर, इंजिन पूर्ण गार असताना हेडच्या नटा फुलीच्या क्रमाने पुन्हा टॉर्क करा. एकाच वेगावर लांबवर चालवू नका, थ्रॉटल कमीजास्त होत राहू द्या. प्लगचं टोक तपकिरी म्हणजे ठीक. पांढरं दिसलं तर गाडी तिथेच थांबवा आणि हवा कुठून शिरतेय ते शोधा, मुख्य जेट बदलणं त्यानंतर.

आणि एक सवय लावून घ्या. खंडाळ्याचा किंवा आंबा घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो पण इंजिन फिरत असतं. त्या वेळी ऑटोल्यूब अगदी थोडं ऑइल देतो. म्हणून उतारावर दर थोड्या अंतराने थ्रॉटल एकदा उघडून सोडा, सिलिंडरला ऑइल मिळतं. मोटरसायकलला एक्सप्रेसवेवर बंदीच आहे, त्यामुळे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानेच जाणार असाल. तिथल्या उतारावर हे हातात बसेल. गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करा आणि बॅटरीचं एक टोक सोडून ठेवा.